पायदळाच्या घरात खलाशी कॉलर

सदरबझार, सातारा
२२ जानेवारी १९९५

व्याही नानासो यादव यांना सुभेदार मानसिंग निकम (निवृत्त) याचा रामराम.

आपली कन्या आणि आमची सूनबाई सौ. मयूरी हिची तब्येत चांगली आहे. चिरंजीव धनाजीचं आसामातून पत्र आलं, तोही खुशाल आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना आपण घाबरणार नाही.

गेल्या रविवारी आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. सूनबाई तिळगूळ घेऊन बाहेर आली. साडी पांढरी, निळ्या काठाची. संक्रांतीला काळी नेसतात हे मलाही ठाऊक आहे, पण ते बायकांचं खातं, म्हणून मी बोललो नाही. ब्लाउजला मात्र पाठीवर ही एवढी चौकोनी निळी कॉलर, तिच्या कडेनं पांढऱ्या फितीच्या रेघा, पुढं रुमालासारखी गाठ आणि पितळी बटणं. बटणांवर नांगर. शेतातला नव्हे, बोटीचा. दुसऱ्या दिवशी ब्लाउज दोरीवर वाळत असताना मी चष्मा लावून खात्री करून घेतली.

हा खलाशाचा पोशाख आहे. आमच्या घरात आजोबांपासून धनाजीपर्यंत सगळे पायदळात. आजोबा पहिल्या लढाईत बोटीनं बसऱ्याला गेले, ते सगळी वाट ओकत गेले आणि उतरल्यावर त्यांनी पुन्हा समुद्राकडं तोंड केलं नाही. अशा घरात ही कॉलर आली. शेजारचे लालासाहेब, निवृत्त हवालदार, फाटकातून विचारतात, "सुभेदार, धनाजीची बदली नेव्हीत झाली का?" माणूस माझ्याहून दोन रँक खाली आहे.

मी सूनबाईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "बाबा, जुनी फॅशन आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिकडच्या बायका घालायच्या." तिकडच्या म्हणजे कुठल्या, ते मी विचारलं नाही. वर्दी ही कमवायची गोष्ट आहे, शिवून घालायची नव्हे. आपण वडील आहात. दोन ओळी लिहून तिला समज द्यावी.

आपला
मानसिंग निकम


गावभाग, सांगली
१ फेब्रुवारी १९९५

सुभेदारसाहेब,

आपलं पत्र आलं तेव्हा मी दुकानात एका राक्षसाला मिशा चिकटवत होतो. त्याला एका मिशीवर बसवून ठेवलं आणि पत्र वाचलं. दोनदा वाचलं. राक्षसालाही थोडं वाचून दाखवलं. तो इथल्या बँकेत कारकून आहे, त्याला फार आवडलं.

वर्दी कमवायची असते असं आपण लिहिलंत. खरं आहे. माझ्या कपडेपटात मात्र ती भाड्यानं मिळते. परवाच इस्लामपूरकडं एका गॅदरिंगला मी दोन सुभेदार, एक सेनापती आणि एक गोरा साहेब पाठवला. सकाळी चौघंही एकाच पोत्यातून परत आले. तेव्हा वर्दीबाबत माझं मत आपण फारसं धरू नये.

कॉलरची हकीकत सांगतो. माझ्या वडिलांच्या काळात इथल्या एका कंपनीनं फार्स बसवला होता. नायिका विलायतेहून बोटीनं येते आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या सासऱ्याशी शेकहँड करते. तिच्यासाठी वडिलांनी एका जुन्या विलायती मासिकातलं चित्र बघून पोशाख शिवले. रुंद कॉलर, छातीवर गाठ, घेरदार झगा, आणि एक ढगळ पायांची विजारसुद्धा. नाटक मिरजेपर्यंत पोचलं आणि तिथंच बुडालं. शेकहँड लोकांना सोसला नाही. पोशाख एका पेटीत राहिले, चित्रही राहिलं. मयूरी त्या पेटीवर बसून अभ्यास करायची. इतर मुली बाहुलीला साडी नेसवत होत्या, तेव्हा हिनं बाहुलीला खलाशी केलं होतं. मला वाटलं, लग्न झालं की जाईल.

पेटी अजून माझ्याकडंच आहे. बटणं तिनं कुठून मिळवली याची मला कल्पना नाही. हल्ली साताऱ्यात सगळं मिळतं म्हणतात.

राहिली समज देण्याची गोष्ट. ते काम मी तिच्या लग्नापर्यंत केलं. जमलं नाही, म्हणून तर चार्ज आपल्याकडं दिला. आपण पलटण सांभाळलेली आहे. एक मुलगी जड जाऊ नये.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला
नानासो


सातारा
५ मार्च १९९५

नानासो यांना रामराम.

पत्र पोचलं. विनोद समजला.

बटणांची आपल्याला कल्पना नाही हे वाचल्यावर मला कल्पना आली. एस.टी. पार्सलचं रिकामं खोकं आमच्या ओसरीवरच पडलेलं आहे. त्यावर 'यादव कपडेपट, सांगली' असा जांभळा शिक्का आहे. समोरच्या फौजेला दारूगोळा पुरवण्याला आमच्याकडं एक शब्द आहे. आपण व्याही आहात म्हणून तो लिहीत नाही.

आता पुढचं ऐका. इथल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला 'जुन्या फॅशनी' असा कार्यक्रम झाला. आठ-दहा मुली खलाशी होऊन स्टेजवर आल्या. कॉलरी, गाठी, एकीच्या डोक्यावर तिरकी पांढरी टोपी. सॅल्यूट डाव्या हातानं. सगळं शिवलेलं आमच्या सूनबाईनं. मी पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी. पाहुणे एका साखर कारखान्याचे संचालक. ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "पोरींनी शेतकऱ्याचा नांगर अंगावर मिरवला, बरं वाटलं." मी दुरुस्ती केली नाही. त्या दिवशी माझ्या बाजूचा तेवढा एकच गैरसमज होता.

तेव्हापासून ओसरीवर पोरींची रांग लागलेली असते. शिलाई मशिन पुढच्या खोलीत, पलटणीच्या ग्रुप फोटोच्या बरोबर खाली. फोटोतली माणसं रोज सकाळी पोरींची मापं घेतलेली बघतात. शेवटी मी मशिनचा शटल काढला आणि माझ्या काळ्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. सूनबाई म्हणाली, "बरं, बाबा." दुसऱ्या दिवशी हातानं शिवत बसली. 'बरं' म्हणून न ऐकणाऱ्याला पलटणीत शिक्षा आहे. घरात काय करायचं, ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

एप्रिलमध्ये माजी सैनिकांचा मेळावा आहे. माझा सत्कार आहे. त्या वेळी मला घरात हा तमाशा नको. म्हणून असं ठरवलं आहे, की सूनबाईनं काही दिवस माहेरी राहावं. कॉलर उतरली की परत यावं. धनाजीला सविस्तर रिपोर्ट पाठवला आहे. आमची फॅमिली सौ. सुलाबाई यावर काही बोललेली नाही, म्हणजे तिची संमती आहे.

आपला
मानसिंग निकम


सांगली
१२ मार्च १९९५

सुभेदारसाहेब,

खोक्यावर शिक्का मारला तेव्हाच मनात आलं होतं, हा एक दिवस मला पकडून देणार. पकडला गेलो. काय ती शिक्षा सांगा.

मयूरीला जरूर पाठवा. तिची खोली तशीच आहे. सध्या तिथं दोन सिंहासनं आणि हत्तीचं एक मुंडकं ठेवलंय, ते हलवतो. फक्त एक विचारतो. पलटणीतून माणसाला घरी पाठवतात तेव्हा त्याच्या कागदावर कारण लिहितात, असं आपणच लग्नाच्या पंगतीत मला सांगितलं होतं. माझी मुलगी इथं बॅग घेऊन उतरेल तेव्हा गल्लीतल्या बायका कारण विचारतील. काय सांगू? स्वयंपाक येत नाही म्हणून सांगू? उलटं बोलते म्हणून? का तिची चालचलणूक बरी नाही म्हणून? असलं काही सांगितलं तर बायका लगेच मान डोलावतील, कुणी खोलात जाणार नाही. 'कॉलर' असं खरं कारण सांगितलं तर त्या हसतील, आणि ते हसणं सांगलीत थांबणार नाही.

इथपर्यंत गमतीत लिहिलं. पुढचं गमतीत नाही. मुलगी चार दिवस माहेरी आली तर तिला कुणी काही म्हणत नाही. महिनाभर राहिली की तिचं नाव निघतं, आणि तिचा नवरा आसामात असला की जास्तच निघतं. आपण तिला वाजतगाजत नेलंत. पाठवताना निदान तिला एकटीला एस.टी.त बसवू नका. तुमच्या घरचं कुणीतरी सोबत येऊ द्या. दारात दोन माणसं उतरलेली दिसली की लोकांचा निम्मा प्रश्न कमी होतो.

आपला
नानासो


सातारा
६ एप्रिल १९९५

नानासो यांना रामराम.

आपल्या म्हणण्याप्रमाणे मी सूनबाईच्या सोबत आमच्या फॅमिलीला पाठवलं. सूनबाईला पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत फिरायचं, असा तिला हुकूम होता. त्याला पंधरवडा होऊन गेला. सूनबाई तिकडं आहे हे मला मान्य आहे. फॅमिली तिकडं का आहे?

मी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. तिची तब्येत बिघडली असेल तर कळवावं. नसेल बिघडली तर पाठवून द्यावं. आणि चहाची पूड कुठल्या डब्यात असते तेवढं विचारून कळवावं. डब्यांवर नावं लिहायची पद्धत या घरात नाही. मी सगळे डबे उघडून बघितले. एका डब्यात नांगराची बटणं निघाली.

गुढी एकट्यानं उभारली. काठी तिरकी झाली. लालासाहेब बघून गेले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

धनाजीचं उत्तर आलं. माझा रिपोर्ट चार पानी होता. त्यानं लिहिलंय, "बाबा, फोटो पाठवा." एवढंच. तो कुणाच्या बाजूचा आहे, हे मला अक्षरावरून कळलं नाही.

मेळावा रविवारी पार पडला. शाल दिली, श्रीफळ दिलं. भाषणात साहेब म्हणाले, जवानाच्या मागं घर खंबीर उभं असतं. टाळ्या झाल्या. घरी आलो तर नारळ कुणाच्या हातात द्यायचा ते कळेना. ट्रंकेवर ठेवला आहे.

उत्तर लगेच द्यावं.

मानसिंग निकम


सांगली
१३ एप्रिल १९९५

आवं,

ह्ये पत्र माज्या हातचं हाय. तुमी अक्षर वळखणार न्हाई, कारन तुमी त्ये कवा बगितलंच न्हाई. तुमी पलटणीत असताना तुमची पत्रं यायची, ती मामंजी वाचून दावायचं आन् उत्तरबी तेच लिवायचं. 'सुला बरी आहे' एवढं माज्या वाटनीचं. मी चौथीपत्तुर शिकल्याली हाय. कुनी इचारलं न्हाई म्हनून सांगितलं न्हाई.

चा पूड पितळंच्या डब्यात हाय, वरल्या फळीवर. डाळ भिजत घालताना झाकन ठेवा.

माजी तब्येत बिगाडल्याली न्हाई. मी बरी हाय. लय बरी हाय.

तुमी व्याह्यांस्नी लिवलं, सुलाबाई बोलली न्हाई म्हंजी तिची संमती हाय. नानांनी मला त्ये पत्र वाचाय दिलं. मी दोनदा वाचलं. म्हनून आता बोलते.

ती कॉलर मयूरीच्या डोस्क्यातनं निगाली न्हाई. तिनं आदी माज्या मापाची शिवली. मीच शिवाय लावली. हळदीकुंकवाच्या दिशी मी ती अंगात घातली, आरशात बगितलं आन् बायकांच्या म्होरं जायाला लाजले. काढून ठिवली. मग मयूरी म्हनली, "आई, मीबी माज्यासाठी एक शिवलीया. आदी मी घालते. लोक काय म्हंत्यात बगू, मग तुमी घाला." लोक काय म्हनलं न्हाईत. चार बायकांनी माप इचारलं. म्हनला तुमी. आन् तिनं तुमचं सगळं ऐकून घेतलं, पर माजं नाव सांगितलं न्हाई. पोरगी हाय, पर तुमच्या पलटणीतल्या मान्सांपरीस पक्की हाय.

मला कशाला पायजे हुती, त्येबी सांगते. माजं म्हायेर वडूजकडं. तिकडचं पान्याचं हाल तुमास्नी ठावं हाय, तुमी जावई म्हनून आला की तुमाला आंगुळीला दोन घागरी मिळायच्या, त्या कुनी आनल्या त्ये काय तुमी इचारलं न्हाई. मी ल्हान असताना आमच्या मास्तरांच्या घरी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा हुता. त्यावर एक बाई हुती. बोटीच्या कठड्याला टेकून उबी. असलीच कॉलर, असलीच गाठ, वाऱ्यानं उडतीया. मागं जिकडं बगावं तिकडं पानी. मी मास्तरांच्या दारात घागर खाली ठिवून त्या बाईकडं बगत ऱ्हायची. येवढं पानी, आन् बाईच्या डोस्क्यावर घागर न्हाई. काखंत पोर न्हाई. हातात कायबी न्हाई. नुसती उबी हाय. मला तिचा लय राग यायचा. आन् रोज जाऊन बगितल्याबिगर करमायचं न्हाई.

मयूरीनं म्हायेरच्या पेटीतनं आनल्यालं चित्र दावलं, तवा तीच बाई मला गावली. मी म्हनलं, पोरी, मलाबी असलं शिव.

तुमी पोरीला घालवलं. यष्टीत बसल्यावर माज्या ध्यानात आलं, कॉलर माजी, मंग घालवलं कुनाला? म्हनून मी हितं ऱ्हायले. कॉलर उतरल्याशिवाय यायाचं न्हाई असा तुमचाच हुकूम हाय. मी उतरवनार न्हाई.

उद्या आमी दोगी रत्नागिरीला निगालोय. नानांच्या वळखीचं तितं एक घर हाय. मी समुद्र बगितल्याला न्हाई. कवा परत येऊ त्ये तितं गेल्यावर बगू. तुमी रागावनार. रागावा. पर जेवत जावा.

तुमची
सुला


सांगली
१५ एप्रिल १९९५

सुभेदारसाहेब,

विहीणबाईंचं पत्र पोचलं असेल. त्या लिहीत होत्या तेव्हा मी समोर बसून एका ऋषीची दाढी विंचरत होतो. एकदाही त्यांनी मला शब्द विचारला नाही.

मी त्यांना पाठवलेलं नाही आणि अडवलंही नाही. रत्नागिरीत माझे एक जुने स्नेही नाटकांची कंत्राटं घेतात, त्यांच्या घरी दोघी उतरल्या आहेत. घर मांडवीला आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. किनारा म्हणाल तर भाट्याचा, खाडीवरचा पूल ओलांडला की लागतो.

पत्ता देतोय तो व्याही म्हणून. आपण तिथं जाऊन हुकूम सोडणार असाल तर जाऊ नका, ही विनंती मुलीचा बाप म्हणून. जायचं असलं तर साध्या कपड्यांत जा. तिथं बोटी बऱ्याच आहेत, पायदळाला मान कमी.

नानासो


सातारा
२७ एप्रिल १९९५

नानासो,

रिपोर्ट देतो.

मी शनिवारी रत्नागिरीला पोचलो. साध्या कपड्यांत गेलो, बूट मात्र पॉलिश केलेले होते. वाटेत आंबा घाटात सगळं भाषण तयार केलं. बायकोनं नवऱ्याला न सांगता घर सोडणं, सासूनं सुनेच्या नादी लागणं, लोकांत होणारी शोभा, सगळं एकापुढं एक लावून ठेवलं होतं.

घरी गेलो तर कळलं, दोघी भाट्याला गेल्यात. पूल ओलांडून वाळूत उतरलो. लांबवर दोन बायका दिसल्या. दोघींच्या पाठीवर निळ्या कॉलरी, वाऱ्यानं उलट्या होऊन कानांवर आलेल्या. त्यातली एक वाकून शिंपले वेचत होती. दुसरी नुसती उभी होती.

मी सुनेला ओळखलं. दुसरीला ओळखायला वेळ लागला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आमच्या फॅमिलीला हातात काही नसताना, काही न करता उभी राहिलेली मी कधी पाहिलीच नव्हती. त्यामुळं ही आपली नव्हे, असंच वाटलं.

हाक मारायची होती. काय म्हणून मारावी ते सुचेना. आयुष्यभर "अगं" म्हणत आलो. "अगं" म्हणालो, ते वाऱ्यात कुठं गेलं कळलं नाही. मग "सुला" म्हणालो. ती वळली. दचकली नाही.

"कवा आला?" म्हणाली.

"आत्ताच."

"बूट काढा, भिजत्याल."

"मला पाण्यात यायचं नाही."

"मग तितंच ऱ्हावा," म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडं तोंड केलं.

मी तिथंच राहिलो. भाषण सुरू करावं असं दोनतीन वेळा वाटलं. ज्या माणसाची पाठ आपल्याकडं आहे त्याला भाषण देता येत नाही. थोड्या वेळानं बूट काढून हातात धरले. सूनबाई जवळ आली, "बाबा, द्या इकडं," म्हणाली आणि माझे बूट घेऊन वाळूत नेऊन ठेवले. तिला घराबाहेर काढणारा मी. त्याबद्दल ती बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

तिला एवढंच सांगितलं, की शटल ट्रंकेतून काढून मशिनला लावला आहे. मला बसवता येत नव्हता, लालासाहेबांच्या सुनेनं बसवून दिला. सूनबाई म्हणाली, "बरं, बाबा." या वेळचं 'बरं' कुठल्या जातीचं होतं, ते मला समजलेलं नाही.

रात्री आपल्या स्नेह्यांकडं जेवलो. सकाळी मी म्हणालो, "चला, गाडी आहे." सुला म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. आमी येतो."

"कधी?"

"बगू की."

मी रजेवरून परत जाताना ती मला हेच विचारायची, कधी येणार म्हणून. मीही असंच काहीतरी सांगायचो. मला वाटायचं, ते उत्तर झालं.

मी एकटा परतलो. तेव्हापासून रोज संध्याकाळी स्टँडवर जातो. रत्नागिरीची गाडी येते, माणसं उतरतात, आंब्याच्या पेट्या उतरतात, गाडी रिकामी होते, मग घरी येतो. कंट्रोलर आता मला ओळखायला लागलाय. आज त्यानं बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "सुभेदार, रोज कुणाची वाट बघताय?" मी सांगितलं, घरच्यांची. तो म्हणाला, "लय दिवस झालं का?"

मी म्हणालो, "नाही. त्यांनी इतकी वर्षं वाट बघितली. माझा हा पहिलाच आठवडा आहे."

आपला
मानसिंग